टिनचेही नखरे!

ब्राउनी झकास झाली, फोटोही काढून झाले. आता सिंकमधल्या त्या टिनचं काय? थांबा, तारेची घासणी खाली ठेवा! आधी टिन कशाचा आहे ते बघा.

नॉनस्टिक असेल तर गार झाल्यावर कोमट पाणी आणि लिक्विड सोप घालून अर्धा तास भिजवा, मग मऊ स्पंज. बस्स! कोटिंगवर एकदा ओरखडे पडले की पुढचे केक तिथेच चिकटणार.

साधा ॲल्युमिनियमचा टिन डिशवॉशरमध्ये टाकू नका. त्यातली पावडर अल्कलाइन असते, टिन काळवंडतो. धुण्याचा सोडाही नकोच. काळा पडलाच तर त्यात पाणी आणि लिंबाच्या फोडी घालून १० मिनिटं उकळा.

लोखंडी पत्र्याच्या ट्रेला मात्र आंबट अजिबात चालत नाही आणि ओलावा तर त्याहून नाही. धुतला की लगेच पुसा आणि बंद केलेल्या ओव्हनच्या उबेत ठेवून द्या. गंज धरतो तो कडेच्या दुमडीत, फडकं पोचत नाही तिथे.

आणि ते तपकिरी डाग? हाताला चिकट लागत नसतील तर राहू देत की! फक्त गडद ट्रे उष्णता जास्त शोषतो, तेव्हा बिस्किटं दोन मिनिटं आधीच बघा.