दुरून भांडणे साजरी

रविवारची सकाळ इथे लिमासोलला जरा उशिराच सुरू होते. चर्चमधून परतलेली म्हातारी मंडळी कॉफीच्या दुकानांबाहेर खुर्च्या टाकून बसतात, सोंगट्यांचा डाव मांडतात आणि सोंगटी आपटण्याच्या आवाजावर राजकारण सुरू होते. भाषा ग्रीक असली तरी हातवारे मला ओळखीचे वाटतात. बेळगावच्या आमच्या गल्लीतल्या कट्ट्यावर असेच हात हलायचे.

२००६ साली नोकरीसाठी मी सायप्रसला आलो. त्याआधी पंधरा वर्षे जहाजांच्या इंजिनखोलीत काढली होती. लिमासोल हे जहाजांची देखभाल पाहणाऱ्या कंपन्यांचे गाव, त्यामुळे बोटीवरून उतरलेले बरेच भारतीय इथल्या टेबलखुर्चीला चिकटलेले दिसतात. आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी एका दुकानात 'टर्किश कॉफी' मागितली. मालकाने माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हटले, "ग्रीक कॉफी." पुढे राजधानी निकोसियाच्या पलीकडच्या भागात गेलो, तर तिथे तीच कॉफी पुन्हा टर्किश झालेली! भांडे तेच, पूड तीच, तळाशी उरणारा गाळही तोच. ऑफिसातला सहकारी म्हणाला, "१९७४ च्या आधी आम्हीही टर्किशच म्हणायचो."

ही १९७४ ची गोष्ट थोडक्यात सांगायला हवी. सायप्रस १९६० साली ब्रिटिशांपासून स्वतंत्र झाले. ग्रीक बोलणारे बहुसंख्य, तुर्की बोलणारे अल्पसंख्य. तीन वर्षांतच दोघांत रक्तपात सुरू झाला. डिसेंबर १९६३ मध्ये एका ब्रिटिश सेनाधिकाऱ्याने निकोसियाच्या नकाशावर हिरव्या पेन्सिलीने रेघ ओढली. दोघांनी आपापल्या बाजूला राहावे, एवढाच तात्पुरता हेतू. मार्च १९६४ मध्ये संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आली, तीही काही महिन्यांसाठीच. मग १९७४ च्या जुलैत आधी ग्रीसमधल्या लष्करशहांच्या पाठिंब्याने इथले सरकार उलथवले गेले आणि पाचच दिवसांत तुर्कस्तानचे सैन्य बेटावर उतरले. सुमारे दोन लाख माणसे घरदार सोडून रेघेच्या अल्याड-पल्याड गेली. बेटाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग वेगळा झाला, तो आजतागायत वेगळाच आहे. त्या भागाने १९८३ साली स्वतःला स्वतंत्र देश म्हणून जाहीर केले, पण त्याला तुर्कस्तानखेरीज कोणी मान्यता दिलेली नाही. पेन्सिलीची ती रेघ आता सुमारे १८० किलोमीटर लांबीचा पट्टा झाली आहे. कुठे तो सात किलोमीटर रुंद आहे, तर जुन्या शहरात दोन गॅलऱ्यांमधल्या बोळाएवढा.

या पट्ट्याशी आपल्या देशाचे जुने नाते आहे. शांतिसेनेचे पहिले सेनापती जनरल ग्यानी भारतीय होते. त्यांच्यानंतर आले जनरल थिमय्या, आपले माजी लष्करप्रमुख. १८ डिसेंबर १९६५ रोजी सेवेत असतानाच ते इथे वारले. सायप्रसने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले आणि लार्नाका शहरातल्या एका हमरस्त्याला त्यांचे नाव दिले. विमानतळावरून येताना मी त्या रस्त्यावरून जातो, तेव्हा ऊर थोडा भरून येतोच. गंमत अशी की थिमय्या कोडगूचे, म्हणजे आजच्या कर्नाटकातले. आणि त्यांच्या नावाची पाटी पाहून हरखणारा मी सीमाभागातला मराठी माणूस. घराजवळ जे दोन गट एकमेकांकडे डोळे वटारतात, ते परदेशात एका पाटीखाली सहज उभे राहतात.

१९७४ च्या लढाईत सेनापती होते जनरल प्रेमचंद, तेही भारतीय. निकोसियाच्या विमानतळासाठी दोन्ही बाजू झुंजत होत्या, तेव्हा शांतिसेनेने विमानतळच आपल्या ताब्यात घेतला आणि तिथे ठाण मांडले. तो कोणालाच मिळाला नाही. प्रवासी विमानांची ये-जा तेव्हापासून बंद आहे.

शांतिसेना म्हटले की आपल्याला निळी टोपी आणि चिलखती गाडी आठवते. इथले काम पाहिले तर हसू येईल. हजाराच्याही आत सैनिक, बहुतेक अर्जेंटिना, ब्रिटन आणि स्लोव्हाकियाचे. त्यांचा दिवस कशात जातो? पलीकडच्या चौकीवर वाळूची चार पोती वाढली का, हे मोजण्यात. पट्ट्यातल्या जमिनीत नांगर घालायला शेतकऱ्याला परवानगी देण्यात. कोणी कोणाकडे पाहून शिवी हासडली, याची नोंद करण्यात. लष्कराच्या भाकऱ्या भाजणे हा वाक्प्रचार आपण टिंगलीने वापरतो, पण या भाकऱ्या कोणीतरी भाजतो म्हणूनच १९७४ नंतर इथे पुन्हा युद्ध पेटलेले नाही. हे काम बिनधोकही नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये पिला गावाजवळच्या रस्त्याच्या वादात आडवे उभे राहिलेल्या सैनिकांनाच मारहाण झाली. जगभरच्या शांतिमोहिमांत सर्वाधिक प्राण गमावलेला देश कोणता, तर भारत. परक्याच्या भांडणात मध्ये उभे राहण्याची किंमत आपल्याला चांगली ठाऊक आहे.

पण शांतिसेना भांडण थांबवते, मिटवत नाही. मिटवायचे काम भांडणाऱ्यांचेच असते. २००४ साली संयुक्त राष्ट्रांच्या तोडग्यावर दोन्हीकडे सार्वमत झाले. तुर्की बाजूच्या सुमारे ६५ टक्के मतदारांनी होकार दिला, ग्रीक बाजूच्या सुमारे ७६ टक्क्यांनी नकार. प्रत्येकाजवळ आपापली कारणे होती आणि ती खोटी नव्हती. रेघ मात्र राहिली.

तरीही या बेटावर मला सर्वांत आवडलेली गोष्ट आहे गटारांची. शहर दुभंगले तरी मैलापाण्याला उतार कळतो, पासपोर्ट कळत नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस निकोसियाच्या दोन बाजूंचे दोन महापौर, लेलोस दिमित्रियादिस आणि मुस्तफा अकिंजी, एकत्र बसले आणि दोन्ही भागांचे सांडपाणी एकाच ठिकाणी नेऊन शुद्ध करायचे ठरवले. एकमेकांच्या सरकारांना मान्यता नसलेल्या लोकांनी नळाला नळ जोडला. त्याबद्दल कोणी मिरवणूक काढली नाही. कारण सरळ आहे. दुर्गंधी सुटली असती तर ती त्या दोघांच्याच नाकात शिरली असती. अथेन्सला, अंकाराला किंवा लंडनला नव्हे.

आता याच्या उलट चित्र पाहा. ऑगस्ट १९९६ मध्ये मोटारसायकलस्वारांची एक निषेधयात्रा बर्लिनहून निघून सायप्रसला आली. रेघ मोडायचीच, असा आवेश होता. दुसऱ्या बाजूने तुर्कस्तानातून कडव्या राष्ट्रवाद्यांचे जथे आले. दोन्हीकडचे पाहुणे तापलेले. चार दिवसांत देरिनिया गावापाशी दोन तरुण मारले गेले. दोघेही इथलेच. पाहुणे नंतर घरी गेले.

ही हकीगत मी कित्येकांना मोठ्या शहाणपणाने सांगत असे. आणि मग डिसेंबर २०२२ आला.

सीमाप्रश्न पुन्हा तापला होता. बेळगावजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली, पुण्यात कर्नाटकच्या बसना काळे फासले गेले, दोन्ही राज्यांमधली बसवाहतूक विस्कळीत झाली. इथे बसून मी फोनवर एकामागून एक चित्रफिती पाहत होतो. रक्त उसळत होते. एका चित्रफितीत जमाव एका माणसाला मराठी बोलतो म्हणून मारताना दिसत होता. मी ती घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकली आणि खाली लिहिले, 'आता गप्प बसणारे नामर्द.' लिहून झाल्यावर समुद्रावर फिरून आलो, जेवलो आणि झोपलो.

माझ्या भाच्याचे वय तेव्हा वीस. मामा बोटीवरून जग फिरून आलेला, तेव्हा त्याचा शब्द म्हणजे प्रमाण. त्याने ती चित्रफीत माझ्या वाक्यासकट मित्रांच्या तीन गटांत पाठवली. ती कित्येक वर्षांपूर्वीची होती, बेळगावची तर नव्हतीच. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी त्याला चौकशीला बोलावले. अक्का सकाळी अकरापासून संध्याकाळी सातपर्यंत चौकीतल्या बाकावर बसून होती. तिच्या शेजारी दिवसभर बसले होते आमच्या गल्लीतले निवृत्त मास्तर. घरी कन्नड बोलणारे, लहानपणी मला गणित शिकवलेले. त्यांनी सगळ्यांशी कन्नडमधून बोलून, 'पोरगं माझ्यासमोर वाढलंय' असे सांगून त्याला समज देऊन सोडवले.

रात्री अक्काचा फोन आला. ती रागावली नाही, हेच मला जास्त लागले. म्हणाली, "तुला वाटतंय ते खोटं न्हाई रे. खरं तू तिथनं दगड मारतोस आन् काचा इथं फुटत्यात."

आमच्याकडे 'पण' म्हणायचे असेल तिथे 'खरं' म्हणतात. त्या रात्री तो शब्द दोन्ही अर्थांनी कानात वाजत राहिला.

कोणी म्हणेल, म्हणजे परदेशी गेलेल्याने गावाबद्दल बोलूच नये की काय? तसे माझे म्हणणे नाही. सीमाप्रश्न खरा आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाचा निवाडा महाराष्ट्राने मान्य केला नाही आणि २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. आपल्या भाषेत शाळा असावी, सरकारी कागद आपल्याला वाचता यावा, ही मागणी करताना कोणी ओशाळायचे कारण नाही. बेळगावची तुलना सायप्रसशी करणेही अवाजवी ठरेल. तिथे युद्ध झाले नाही, लाखो माणसे उठून गेली नाहीत. पण भांडण कसे वाढते, याची रीत सगळीकडे सारखीच. ज्यांना त्याची झळ लागत नाही, त्यांचा आवाज सर्वांत मोठा असतो.

आम्हा परदेशस्थांचा एक दोष मला आता कळतो. आम्ही गाव सोडतो त्या दिवसाचे गाव मनात गोठवून बरोबर नेतो. तिथल्या माणसांचे रोजचे जगणे पुढे सरकत राहते. मराठी दुकानदार कन्नड गिऱ्हाईकाशी कन्नड बोलतो, कन्नड मास्तर मराठी बाईबरोबर बाकावर बसतात. आमच्या गोठलेल्या गावात मात्र फक्त अन्यायाची यादी शिल्लक असते. दुरून डोंगर साजरे म्हणतात. आमच्यासाठी भांडणेही दुरूनच साजरी होतात. चढायची वेळ आली की खडे गावच्याच पायांना बोचतात.

परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला आपल्या मतदारसंघात नाव नोंदवता येते, पण मत द्यायचे तर स्वतः मतदान केंद्रावर जावे लागते. ही अट मला फार जाचक वाटायची. अजूनही ती थोडी सैल व्हावी असे वाटते. तरी तिच्यात एक शहाणपण आहे, हे मला आता मान्य करावे लागते. मत द्यायचे तर गावात या, शेजाऱ्यांबरोबर रांगेत उभे राहा, निकालानंतर ज्यांना जगायचे आहे त्यांची तोंडे पाहा. व्हॉट्सअ‍ॅपवर मत देण्यापूर्वीही अशी रांग असती तर बरे झाले असते. मी माझ्यापुरती ती लावून घेतली आहे. काहीही पुढे पाठवण्याआधी स्वतःला विचारतो, यातून काही बिघडले तर चौकीतल्या बाकावर कोण बसेल? उत्तर 'मी' असे नसेल, तर बोट मागे घेतो.

निकोसियाच्या त्या बंद विमानतळाच्या आवारात, शांतिसेनेच्या संरक्षणाखाली, आज एक प्रयोगशाळा आहे. १९६३-६४ आणि १९७४ मध्ये बेटावर २००२ माणसे बेपत्ता झाली. दोन्हीकडचे तरुण शास्त्रज्ञ तिथे एकाच टेबलाशी उभे राहून मातीतून निघालेली हाडे जुळवतात आणि ओळख पटली की ती त्या त्या घरी पोचवतात. हजाराहून अधिक जणांची ओळख पटली आहे. हाडांवरून तो ग्रीक की तुर्की हे कळत नाही, नातेवाइकांच्या रक्ताशी जुळवून पाहावे लागते. इतक्या वर्षांनी एकत्र येऊन हे काम करावे लागले. त्याआधीच एकत्र यायला काय हरकत होती, असा प्रश्न मनात येतो. पण तो मी इथल्या कोणाला विचारत नाही. परक्याने विचारायचा प्रश्न नव्हे तो.

आमच्या गावाच्या नकाशावर अजून कोणी हिरवी पेन्सिल टेकवलेली नाही. गेल्या सुटीत गेलो तेव्हा अक्काबरोबर मास्तरांकडे गेलो. कुंदा घेऊन गेलो होतो, गावचाच. माफी मागायची होती, शब्द जुळत नव्हते. मास्तरांनी डबा उघडला, एक घास तोंडात टाकला आणि मराठीतच म्हणाले, "गणितात तू तसाही कच्चाच होतास. हातचा धरायला विसरायचास."

त्यांच्या घरी कॉफी झाली. तिला कोणती कॉफी म्हणायचे, ते कोणीच विचारले नाही.