वन्समोअरला नकार देणारा माणूस

गेल्या दिवाळीनंतर आपल्या शहरात झालेल्या एका नाट्यसंगीताच्या बैठकीला आम्ही शेवटपर्यंत बसलो होतो. बैठक कोणत्या संस्थेची, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. अशा बैठका आपल्याकडे सर्वांच्याच होतात. ‘स्वयंवर’ नाटकातील एका पदाला तीनदा वन्समोअर मिळाला. वेळ उरला नाही म्हणून निवेदकांनी प्रसंग सांगणे सोडून दिले. रुक्मिणी हे पद कोणत्या मनःस्थितीत म्हणते, हे सभागृहातील तरुणांना कळले नाही आणि आम्हां म्हाताऱ्यांना त्याची खंत वाटली नाही. पत्रिकेवर गायिकेचे नाव ठळक होते, खाडिलकरांचे होते, ध्वनिक्षेपकवाल्याचे आभारही होते. नव्हते ते १९१६ साली या नाटकाच्या चाली बांधणाऱ्या भास्करबुवा बखल्यांचे.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. संगीत नाटक बोलपटाने मारले, असे आपण सांगत आलो. त्याची निम्मी जबाबदारी वन्समोअरवर, म्हणजे आपल्यावर आहे. आपल्या रंगभूमीवर नट थोर झाले, गायक थोर झाले, साथीला थिरकवांसारखे तबलानवाज बसले. परंतु ‘आता पुरे, नाटक पुढे चालू द्या’ असे म्हणण्याचा अधिकार असलेला माणूस आपण कधी नेमलाच नाही. सरकारी नस्तीवर अखेरची सही कोणाची, याची धास्ती आम्ही सेवेतील सारी वर्षे बाळगली. संगीत नाटकाच्या नस्तीवर ती सही प्रेक्षकांची होती.

इटलीत हा अधिकार एका माणसाने भांडून मिळवला. आर्तुरो तोस्कानिनी १८६७ साली पार्मा येथे जन्मला. १८८६ साली एका फिरत्या मंडळीत तो चेलो वाजवत होता. रिओ दी जानेरो येथे प्रेक्षकांनी संचालकाला हुसकावून लावले, तेव्हा या एकोणीस वर्षांच्या पोराच्या हाती छडी देण्यात आली आणि त्याने व्हेर्दीचा ‘आयदा’ हा अख्खा ऑपेरा पाठ म्हणून चालवला. १८९८ साली तो मिलानच्या ला स्काला नाट्यगृहाचा प्रमुख संचालक झाला. तेथील रसिक आपल्यासारखेच होते: आवडते पद पुन्हा म्हणवून घेणे हा ते आपला हक्क समजत. तोस्कानिनीने त्या हक्काला विरोध केला. १९०३ साली हंगामाच्या अखेरच्या रात्री व्हेर्दीच्याच एका ऑपेरात एका गायकाला वन्समोअर द्या म्हणून गोंधळ झाला, तेव्हा हा गृहस्थ प्रयोग अर्धवट टाकून निघून गेला. स्कालाला तो १९०६ साली परतला. पुढे १९३१ साली बोलोन्यात फॅसिस्टांचे गीत वाजवण्यास त्याने नकार दिला, तेव्हा गुंडांनी त्याच्या तोंडात मारली; तरी गीत वाजले नाही. माणूस अत्यंत तापट होता, वादकांना त्याने फार छळले, हेही खरेच. परंतु त्याच्या दृष्टीने ऑपेरा ही गायकाची जहागीर नव्हती.

यावर आपल्यातील जाणकार म्हणतील की, हैदराबादेत राहून तुम्ही वन्समोअरवर रागावता? मुशायऱ्यातला ‘मुकर्रर’ ऐकत तर आपण मोठे झालो! त्यांना आम्ही नम्रपणे विचारतो, शेर दोन ओळींत पुरा होतो की नाही? तो दहा वेळा म्हटला तरी काही मोडत नाही. नाटकातले पद मात्र मागच्या संवादातून निघते आणि पुढच्या संवादात शिरते. तेच तीनदा म्हटले की रुक्मिणी नाहीशी होते, गायिका तेवढी उरते. बालगंधर्वांचे प्रयोग पहाटेपर्यंत चालत, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यांतले नाटक किती तासांचे होते, हे कोणी सांगत नाही.

आपल्याकडे असा नकार देऊ पाहणारा एक माणूस होऊन गेला: केशवराव भोळे. जन्म १८९६, अमरावतीचा. म्हणजे तेव्हा कागदोपत्री निजामाच्याच मुलखातला. वैद्यकी शिकायला मुंबईस गेले आणि संगीतात रमले. ‘एकलव्य’ या नावाने त्यांनी गायकांवर परखड लिहिले. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले, त्याचे संगीत त्यांचे. मोजकी पदे, आलापतानांचा पसारा नाही, भावगीताच्या अंगाने जाणारी चाल. ज्योत्स्नाबाई भोळे त्यात बिंबाची भूमिका करीत. नाट्यमन्वंतर फार काळ टिकले नाही. पण केशवराव ‘प्रभात’मध्ये गेले आणि तेथे रंगभूमीने जे दिले नाही ते यंत्राने दिले, कारण फीत कोणाच्या टाळ्यांसाठी मागे फिरत नाही. १९३६ च्या ‘संत तुकाराम’चा व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. त्यातले शांताराम आठवल्यांनी लिहिलेले एक पद आजही कित्येकजण तुकोबांचाच अभंग समजतात. चाल इतकी अचूक बसली की कवी आणि संगीतकार दोघेही दिसेनासे झाले. त्यापुढची गोष्ट आम्हांला अधिक मोलाची वाटते. १९३७ च्या ‘कुंकू’त पार्श्वसंगीत नाही, घड्याळ, पावले, घरातले आवाज एवढेच. त्या चित्रपटाचे संगीत दिग्दर्शक केशवरावच होते. आपले काम गप्प राहण्याचे आहे, हे समजून गप्प राहणाऱ्या संगीतकाराला आपण कोणत्या रकान्यात बसवणार? वाङ्मयाच्या इतिहासात त्याला जागा नाही, कारण तो नाटककार नव्हे; गायकांच्या आठवणींत नाही, कारण तो मैफली गाजवणारा नव्हे.

आमची मागणी मोठी नाही. पुढच्या बैठकीत पाच नाटकांतली वीस पदे नकोत. ‘मानापमान’चा एकच अंक, संवादांसह, सलग व्हावा. पत्रिकेवर खाडिलकरांच्या बरोबरीने, त्याच टंकात, गोविंदराव टेंब्यांचे नाव असावे. वन्समोअर मिळणार नाही, असे पडदा उघडण्यापूर्वी जाहीर करावे आणि तसे जाहीर करणाऱ्याला कार्यकारिणीने नंतर एकटे पाडू नये. श्रोते येणार नाहीत, असे एका पदाधिकाऱ्यांनी आम्हांला आत्ताच तोंडी कळवले आहे. आम्ही लेखी उत्तर मागितले आहे आणि अर्जासोबत पहिल्या अंकाच्या संहितेच्या चार प्रती जोडल्या आहेत.