खेळता खेळता हात उचलेल

पक्षाघाताचा झटका येऊन गेला, जीव वाचला, पेशंट घरी आला की सगळे हुश्श करतात. मैत्रिणींनो, खरं काम तर तिथून सुरू होतं. बारामती-इंदापूरच्या गावांत घरोघरी जाताना मी पाहते, पहिले पंधरा दिवस व्यायाम नेमाने होतो. मग कंटाळा. 'लहान पोरासारखं सारखं काय हात वर, हात खाली?' त्यात इंदापूरच्या खेड्यातून बारामतीला यायचं तर एसटीचं भाडं आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली रोजंदारी. पेशंट बाई असेल तर विचारूच नका! 'चालतीय की घरातल्या घरात' म्हटलं की विषय संपला. तिला पुन्हा भाकरी थापता यावी असं वाटतं का, हे कुणी विचारत नाही. आणि सुधारणा सर्वांत वेगाने होते ती पहिल्या तीन महिन्यांतच.

या कंटाळ्यावर एक उपाय पोरांच्या खेळण्यांतून आला. २००६ साली निन्टेंडो कंपनीचा 'वी' नावाचा खेळ आला. रिमोट हातात धरून हात फिरवला की पडद्यावरचा खेळाडू चेंडू टोलवतो. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टचा 'किनेक्ट' आला. त्यात हातात काही धरायलाच नको, कॅमेराच शरीराची हालचाल टिपतो. फिजिओथेरपिस्टांनी हे खेळ पेशंटसाठी वापरून पाहिले. गुण मिळवायच्या नादात माणूस तीच हालचाल शंभरदा करतो, आणि मेंदूला नव्याने शिकवायला हवी असते ती हीच पुनरावृत्ती. आपल्याकडे हैदराबादच्या बीएबल हेल्थने हाताच्या व्यायामासाठी 'आर्मएबल' हे खेळाचं यंत्र बनवलं आहे.

पण यंत्र म्हणजे जादू नव्हे. २०१७ साली ७२ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा हाताच्या बाबतीत असे खेळ नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरले नाहीत. नेहमीच्या व्यायामाला जोड म्हणून मात्र उपयोगी वाटले. म्हणजे फिजिओथेरपिस्ट हवाच. बारामतीत २०१९ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. तिथे असा एक कोपरा व्हावा, आणि इंदापूरच्या सरकारी दवाखान्यातही. महिला मंडळांनी ही मागणी लावून धरायला काय हरकत आहे? हळदीकुंकवाला स्टीलच्या वाट्या वाटतोच की आपण!

तोवर घरी एवढं करा. व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून लिहून घ्या, आकडा रोज कॅलेंडरवर मांडा, नातवंडांना मोजायला बसवा. उभ्याने व्यायाम करताना तोल जातो, जवळ कुणीतरी हवं. आणि उठवताना लुळा हात धरून ओढू नका, खांदा निखळतो.