कन्व्हर्ट मारण्याआधी...

मंडळी, पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये असला की त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. लग्नाचा व्हिडिओ टाकायला गेलं की कॉपी अडते. मग कोणीतरी 'जाणकार' हमखास सांगतो, "अरे फॉरमॅट कशाला, कन्व्हर्ट मार ना! एका ओळीची कमांड आहे, डेटा जागच्या जागी राहतो."

यात खोटं काही नाही. तरीही माझं स्पष्ट मत आहे, हा सल्ला ऐकू नका.

फाइल सिस्टीम म्हणजे थोडक्यात गोदामाची नोंदवही. कुठला माल कुठल्या फळीवर, ते त्यात लिहिलेलं. विंडोजची कन्व्हर्ट कमांड माल हलवत नाही, वही तेवढी एनटीएफएसच्या पद्धतीने नव्याने लिहिते. नेमकी तेव्हाच वीज गेली, यूएसबीची केबल हलली किंवा डिस्कवर खराब सेक्टर निघाले, तर? माल फळीवरच असतो हो, पण कुठला तुकडा कुठल्या फाइलचा हे सांगणारी वही धड राहीलच याची खात्री नाही.

बरं, विंडोजमध्ये एनटीएफएसवरून परत फॅट३२ वर यायचं तर फॉरमॅटच करावं लागतं. लिनक्सवाल्यांचं त्यातल्या त्यात बरं. एक्स्ट४ वरून बीटीआरएफएसवर जाताना जुनी व्यवस्था राखून ठेवलेली असते, मागे फिरता येतं. पण जागा हवी म्हणून ती डिलीट केली की परतीचे दोर कापलेच.

"मग ॲपलने कसं केलं?" असं कोणी म्हणेल. २०१७ मध्ये आयओएस १०.३ ने आयफोनची फाइल सिस्टीम बदलून एपीएफएस केली आणि बहुतेकांना पत्ताही लागला नाही. खरंय. पण आधीच्या अपडेट्समध्ये त्यांनी याची गुपचूप रंगीत तालीम घेतली होती, आणि हार्डवेअरही त्यांचंच होतं. तुमच्या दोनदा पडलेल्या हार्ड डिस्कची तालीम कोणी घेतली आहे?

आता खरी गंमत. कन्व्हर्ट करण्याआधी बॅकअप घ्या, असं सगळेच सांगतात. बॅकअप घेतलाच असेल तर सरळ फॉरमॅट करून फाइली परत टाका की! कन्व्हर्ट केलेल्या ड्राइव्हचा वेग मुळात एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हइतका नसू शकतो, हे मायक्रोसॉफ्टही सांगतं. आणि बॅकअप नसेल, तर हा जुगार खेळायची तुमची परिस्थितीच नाही. म्हणजे ही सोय उरते कोणासाठी, तर ज्याच्याकडे दुसरी डिस्क नाही त्याच्यासाठी. आणि आजीचे फोटो, बाबांची स्कॅन केलेली कागदपत्रं, सगळं एकाच ठिकाणी असतं ते नेमकं त्याचंच!

तेव्हा कोणाकडून तरी एक डिस्क उसनी आणा. कॉपी करा, दहा-बारा फाइली तिथून उघडून बघा, आणि मगच फॉरमॅट. शनिवारची दुपार जाईल. जाऊ दे.