नकाशा सारखा, मैदान वाकडं

दोस्तांनो, ‘गुणवत्ता’ हा शब्द ऐकला की मी आधी खिसा चाचपतो. कुणीतरी काहीतरी मारलेलं असतं.

अमेरिकेत एमआयटी नावाची बडी तंत्रशिक्षण संस्था आहे. तिथं दर जानेवारीत विद्यार्थीच एक स्पर्धा भरवतात. नाव बॅटलकोड. व्हिडिओ गेमच, पण हातानं खेळायचा नाही. एक ते चार जणांचा संघ. कोड लिहायचा, रोबोटांच्या फौजेत भरायचा आणि हाताची घडी घालून बघत बसायचं. फौज लढते ती तुमच्या डोक्यावर. दरवर्षी खेळ नवा, त्यामुळं पाठांतर कामाचं नाही. घोकंपट्टीच्या छाताडावर पाय देणारी ही स्पर्धा मला आवडते. हे आधीच सांगतो, नाहीतर मला द्राक्षं आंबट म्हणणारा कोल्हा ठरवाल.

आता तिचा न्याय बघा. नकाशा दोन्ही बाजूंना सारखा. एकाला पाणवठा नि दुसऱ्याला उकिरडा, असला धंदा नाही. प्रत्येक रोबोटाला एका फेरीत ठरावीकच बाइटकोड, म्हणजे विचार करायचा कोटा. कोटा म्हटलं की इथं ज्यांच्या पोटात दुखतं त्यांनी नीट वाचावं. कोटा संपला की रोबोट तिथंच थांबतो, उरलेला विचार पुढच्या फेरीत. बापाचं नाव सांगून एक बाइटकोड जास्त मिळत नाही.

म्हणजे साहेब लोकांना कळतंय तर! जमीन सारखी नसेल तर जिंकण्याला अर्थ नाही, हे त्यांनी खेळाच्या नियमातच लिहून ठेवलंय. जे रोबोटाला दिलं, ते माणसाला देताना मात्र दातखीळ बसते.

खेळ सुरू होण्याआधीचा नकाशा कुणी बघितलाय? एमआयटीच्या पोरांना जानेवारी मोकळा. दोन सत्रांच्या मधला तो महिना असल्याच उद्योगांसाठी राखलेला. स्पर्धा बाहेरच्यांनाही खुली, व्याख्यानं नेटवर फुकट. खुली! दार उघडं आहे हो, पण दारापर्यंतची वाट? मी शिकलो त्या कॉलेजात एका कॉम्प्युटरवर तिघं आणि पाच वाजता लॅबला कुलूप. रात्री कोड वहीत लिहायचा, सकाळी टाइप करायचा. दिवसा लेक्चर, संध्याकाळी खांद्यावर कुरिअरची पिशवी. या पोराचे बाइटकोड कुणी मोजले?

तरी कुठल्याही स्पर्धेचा निकाल लागला की आपल्याकडचे गुणवत्तेचे पुजारी बोंबलतात, बघा, बुद्धी जन्मजात असते! अरे, जन्मजात मिळतो तो लॅपटॉप. जन्मजात मिळते ती स्वतंत्र खोली. बुद्धी घासून घासून येते, आणि घासायला वेळ लागतो. तो वेळच कुणीतरी आपल्या खिशातून मारलाय.

मग स्पर्धा बंद करा म्हणू? मुळीच नाही. मी तिचाच नियम मागतोय. कॉलेजच्या लॅबा रात्रभर उघड्या ठेवा. राबून शिकणाऱ्या पोरापोरींना त्या महिन्याची मजुरी द्या. प्रत्येक संघाला एक धड मशीन द्या. ही भीक नाही आणि सवलतही नाही. याला नकाशा सारखा करणं म्हणतात.

आणि दोस्तांनो, तोवर हातावर हात ठेवून बसू नका. मागल्या वर्षांचे खेळ नेटवर पडलेत, ते उतरवून घ्या. चौघात एक मशीन असेल तर पाळ्या लावा. कोड शिका, लढवा, हरा, पुन्हा लिहा. आणि उद्या सकाळी लॅबच्या चावीसाठी प्राचार्यांच्या दारात उभे राहा. एकट्यानं नको, सगळ्यांनी.