डबे वाढवून गाडी लवकर पोचत नाही

भाचा गेम हरला की घरात एकच ओरड, "मामा, लॅग!" की लगेच दाजी इंटरनेटचा आणखी महागडा प्लॅन घ्यायला निघतात. मंडळी, या उधळपट्टीला माझा ठाम विरोध आहे!

आपण भुसावळकर, जंक्शनवर वाढलेले. मालगाडीला डबे जोडले म्हणून ती लवकर पोचते का? एमबीपीएस म्हणजे डबे. लॅग ठरतो जाऊन-येऊन लागणाऱ्या वेळेवर, म्हणजे पिंगवर. मुंबई रेल्वेने सुमारे ४४० किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. म्हणजे जाऊन-येऊन ५ मिलिसेकंदसुद्धा नाहीत! वाटेतली यंत्रं थोडा वेळ खातात, मान्य. पण पिंग शंभरावर का? एक तर गेममध्ये सर्व्हर सिंगापूरचा निवडलेला असतो, नाहीतर घोळ घरातच असतो.

आधी स्वतःच्या राउटरलाच पिंग करून बघा. तिथेच आकडा १-२ वरून उड्या मारत असेल, तर वाय-फाय सोडा, केबल लावा. कोणी व्हिडिओ अपलोड करतानाच लॅग येत असेल, तर राउटरमध्ये रांग तुंबतेय. अपलोडला मर्यादा घाला. तरीही सुटलं नाही, तर आकडे हातात घेऊन कंपनीशी खुशाल भांडा.

आमच्याकडे एका केबलने काम झालं. भाचा अजूनही हरतो, पण आता कारण सांगत नाही. असो!