गुडघ्यांसाठी चिनी काढा

झिजलेली कूर्चा पूर्ववत करणारे औषध आजही कुणाकडे नाही. वेदनाशामक गोळ्या पोटाला सोसवेनाशा झाल्या की माणूस दुसरे दार ठोठावतो. चीनमध्ये ते बऱ्याचदा काढ्याचे असते. सातव्या शतकातील वैद्य सुन सिमियाओ यांच्या ग्रंथातला ‘दुहुओ जिशेंग तांग’ हा १५ द्रव्यांचा काढा कंबर-गुडघ्यांच्या जुनाट दुखण्यावर तिथे अजून देतात. त्यात जिनसेंग, दालचिनी, ज्येष्ठमध आहे आणि शीशिन ही वनस्पतीही. शीशिनच्या पानांत मूत्रपिंडांना कायमची इजा करणारे अॅरिस्टोलोकिक आम्ल असते, म्हणून चिनी औषधकोशाने २००५मध्ये तिचे फक्त मूळ वापरावे असे ठरवले. इतकी जुनी परंपरा तपासणीपुढे नमली, याचे मला मनापासून कौतुक वाटते. अशा काढ्यांनी वेदना कमी झाल्याचे काही चाचण्या सांगतात. पण त्यांतल्या बऱ्याच लहान आणि ढिसाळ आहेत. तरीही दुखण्याने जेरीस आलेल्याला काढा घेतल्याबद्दल कुणी बोल लावू नये. मात्र घटक न छापलेली, दोन दिवसांत गुण देणारी ‘हर्बल’ पुडी कृपया घेऊ नका. अशा औषधांत चोरून मिसळलेले स्टेरॉइड हाँगकाँग आणि सिंगापूरच्या यंत्रणांना वारंवार सापडले आहे.